पुंजाजीच्या हंडीत रुख्मिणीचा हात

कारंज्याच्या बाजारामागे रंगाऱ्यांची चार-सहा घरं होती. त्यांतलं पुंजाजी रंगाऱ्याचं घर कुणाला विचारावं लागत नसे. दारापुढची मोरी आज तांबडी तर उद्या हिरवी वाहायची. तिच्या कडेनं चालत गेलं की घर आलंच. त्या घरात रुख्मिणी सून म्हणून आली ती शिरपूरहून. माहेरीही धंदा रंगाचाच. पण तिथं काळ्या-तांबड्या चिटांपलीकडे काही नव्हतं. इथं मात्र दोरीवर सगळा बाजार वाळत असायचा.

रुख्मिणी बोलायला कमी. पण देव कुणाला गळा देतो, कुणाला हातगुण देतो, तशी तिला नजर दिली होती. भाजी घ्यायला गेली तरी टोपलीतली दोन वांगी उचलून उन्हात धरून बघायची. शेजारची प्रयागबाई हसायची, "रुख्मे, वांगे खायाचे हायेत का नेसायचे? घे लवकर, माह्या चुलीवर वरण उतू जाऊन राह्यलं!" रुख्मिणीही हसायची, आणि वांगी तिसरीच घ्यायची.

त्या घरात एक रीत होती. रंग मिसळायची हंडी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाची. सकाळी आंघोळ करून पुंजाजी हंडीपुढं बसत, देवीचं नाव घेऊन पहिला ठिपका भिंतीवर देत आणि मग डिंकाच्या पाण्यात पुड्या कालवू लागत. त्यांचा मुलगा गुलाबराव ठसे मारायचा. त्याचा हात इतका सरळ, की दोन ठशांमधला सांधा शोधून सापडत नसे. बायकांनी डिंक शिजवायचा, कापड धुवायचं, वाळत घालायचं. हंडीत हात घालायचा नाही. कुणी घालतही नसे.

पुंजाजींना सुनेची नजर पहिल्या वर्षीच कळली होती. एकदा अंजिरी रंग काही केल्या जमेना. ते स्वतःशीच पुटपुटत होते, "कायले अडून बसला बा हा?" डिंकाचं पातेलं ठेवायला आलेली रुख्मिणी पदर सावरत हळूच म्हणाली, "मामाजी, तांबडं मागून राह्यला तो."

पुंजाजींनी चिमूटभर तांबडी पुडी टाकली आणि अंजीर पिकलं. त्या दिवशी जेवताना ते गुलाबरावाला म्हणाले, "तुही बायको रंगासंगं बोलते रे. तुह्यासंगं बोलते का नाई?" गुलाबराव लाजून भाकरीत तोंड घालून बसला.

पुढं पाच-सात वर्षं बरी गेली. मग पुंजाजींच्या डोळ्यांत मोती उतरू लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिव्याभोवती कडं दिसायचं, आभाळ मळक्या धोतरासारखं वाटायचं. म्हातारपण आलं म्हणून ते गप्प राहिले. पण त्या डोळ्यांना सगळ्यांत आधी निळा रंग दिसेनासा झाला. निळी पुडी टाकली तरी हंडी तशीच दिसायची, मग ते आणखी टाकायचे.

तांड्यावरच्या धरमसिंगनं हिरवी उपरणी सांगितली होती. ती घेऊन तो परत आला. पुंजाजी आत असल्याचं बघून त्यानं गुलाबरावाला मोरीपाशी बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुलाबराव, हिरवं सांगतलं होतं भाऊ. हे तं निळंशार निंगालं. बुढ्याले काही सांगू नको, पन लोकं हासून राह्यले मले."

गुलाबरावानं उपरणी ठेवून घेतली. बापाला सांगायची त्याची छाती झाली नाही. साऱ्या कारंज्यात, अगदी कामरगावापर्यंत, पुंजाजीचा रंग म्हणजे पुंजाजीचा रंग! तो चुकला हे त्यांना कुणी सांगायचं, आणि सांगितल्यावर त्या माणसाजवळ मग राहिलं काय?

रुख्मिणीनं ती उपरणी दोरीवर उलटी-पालटी करून पाहिली आणि तिला सगळं उमगलं. त्या दिवसापासून ती एक काम करू लागली. पुंजाजी रंग कालवून देवळात गेले, की हंडीपाशी बसायची, उजेडात बोट धरून बघायची आणि लागेल तेवढी पिवळी किंवा तांबडी पुडी टाकून रंग जागेवर आणायची. बोट गोवरीच्या राखेनं घासून टाकायची. दर वेळी देवाला मनात म्हणायची, "मोठ्यायच्या मागं करून राह्यली, पन त्यायच्यासाठीच करून राह्यली. तूच पाह्य बाबा." माल पुन्हा पहिल्यासारखा जाऊ लागला. गिऱ्हाइकं खूश, पुंजाजींची मान ताठ. रुख्मिणीला तेवढंच हवं होतं.

पोळा जवळ आला. कामरगावचे जानराव पाटील दमणी जुंपून आले. त्यांच्या बैलजोडीला तिथल्या तोरणाखाली पहिला मान. त्या जोडीच्या झुली मोरपिशी, आणि त्या रंगाच्या झुली गावात दुसऱ्या कुणी घालायच्या नाहीत, असा रिवाज. पुंजाजींनी पूर्वी करून दिलेल्या झुली आता विरल्या होत्या. पाटलांनी जुन्या झुलीचा तुकडा पुढं टाकला.

"पुंजाजी, हाच रंग पाह्यजे. लोक बैल नाई पाहात, आधी झूल पाह्यतात. रंग चुकला तं म्हनतीन, पाटलानं दुसऱ्याचे बैल आनले."

"म्हनू देतो का पाटील? म्या मेलो काय?" पुंजाजी म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी झुली न्यायला यायचं ठरलं.

पाटील गेल्यावर पुंजाजी बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन बसले. त्यांना तो राखेच्या रंगाचा दिसत होता. धरमसिंगचं मोरीपाशी बोललेलं त्या दिवशी त्यांच्याही कानावर पडलं होतं. कान काही गेले नव्हते. मधल्या काळात तक्रार आली नाही म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती, की पुडी खराब असेल. पण ही झूल पाटलाच्या मानाची. इथं मनाच्या समजुतीवर चालणार नव्हतं. त्यांनी ठरवलं, डोळ्यांना विचारायचंच नाही. तरुणपणी ज्या करवंटीनं ते पुड्या मोजायचे ती त्यांनी फडताळातून काढली. निळी किती, पिवळी किती, हे हाताला पाठ होतं. झुली न्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बोटांनी काठ चाचपत, डोळे चक्क मिटून, रंग कालवला. आणि तो बरोबर उतरला. हुबेहूब मोरपिशी. फक्त ते त्यांना दिसलं नाही, आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

सकाळी झड लागली होती. बाहेर उजेड असा नव्हताच. पुंजाजी आंघोळीला गेले तेवढा वेळ रुख्मिणीला मिळाला. रंग कधी दिव्याच्या उजेडात पारखू नये, हे रंगाऱ्याच्या घरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; दिव्यापुढं निळं आणि हिरवं सारखंच काळपट दिसतं. रुख्मिणीलाही ठाऊक होतं. पण आज थांबायला सवड नव्हती. मामाजींचा निळीचा हात किती जड पडतो याचा अंदाज तिला होता. त्या अंदाजानं तिनं दिव्यापुढंच पिवळी पुडी टाकली, ढवळली, बोट पुसलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

गुलाबरावानं ठसे मारायला घेतले. बापाच्या हंडीवर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती. ओलेपणी रंग गडद दिसतो, वाळल्यावर बसेल, असं म्हणत त्यानं दोन्ही झुलींवर वेल, फुलं, किनार सगळं मारून टाकलं. शेगड्या पेटवून झुली ओसरीत टांगल्या.

दुपारी पाऊस थांबला. ढगांतून जरा ऊन आलं आणि रुख्मिणी ओसरीत आली, तर समोर दोन पोपट टांगलेले!

मोरपिशी कुठं आणि हा पोपटी कुठं! तिनं धावत जाऊन हंडीतला रंग बोटावर घेतला, उन्हात धरला आणि तिला कळलं. आज मामाजींचा रंग बरोबर होता. चुकवला तो तिनं.

गुलाबरावही बघून पांढरा पडला. तेवढ्यात आतून पुंजाजींची हाक आली, "गुलाब, कसा उतरला रे रंग?"

"चांगला उतरला, बाबा," गुलाबराव म्हणाला. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा.

पुंजाजी चाचपत ओसरीत आले. त्यांनी झुलीवरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं पोरगं परीक्षेचा निकाल ऐकायला उभं असतं. रुख्मिणीनं ते पाहिलं. गप्प राहिली असती, तर संध्याकाळी पाटील आल्यावर सगळं खापर म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर फुटलं असतं, आणि तिच्या हाताचं कुणाला कधी कळलंही नसतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर घट्ट घेतला.

"मामाजी, रंग चुकला. पोपटी झाला. तुमचा बराबर होता, म्या त्यात पिवळी टाकली."

"तू?" पुंजाजींचा हात झुलीवरच थांबला. "हंडीत हात घातला?"

"आजच नाई. धरमसिंगच्या उपरण्यापासून घालून राह्यली."

गुलाबराव पुढं झाला. "बाबा, ते..."

"तू चूप राह्य. चांगला उतरला म्हने! गधा लेकाचा." पुंजाजी खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "मंग इतके दिवस जे रंग लोकायनं वाखानले, ते तुहे?"

होय म्हणावं तर त्यांचं मन मोडायचं, नाही म्हणावं तर खोटं. रुख्मिणी म्हणाली, "रंग तुमचेच. म्या निस्ती नीळ उतरवत होती."

पुंजाजींना आधी राग आला होता. पण हे ऐकून त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "आन म्या डोये मिटून करवंटीनं मोजून राह्यलो, का सुनेले-पोराले कयू नये! म्या लपवतो, तू लपवते, आन झुलीचा झाला पोपट." ते हसू लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "आता पाटील येईन. बोल, काय मागून राह्यला रंग?"

"नीळ," रुख्मिणी म्हणाली. "पातय नीळ. याच्यावरच पुन्यांदा ठसा मारला तं मोरपिशी होईन. पन ठशावर ठसा बराबर बसला पाह्यजे. केसभर हालला तं दोन-दोन फुलं दिसतीन."

गुलाबराव एव्हाना बाह्या वर सारून उभा होता. मघाच्या त्या "चांगला उतरला"ची भरपाई करायची त्याला हीच संधी दिसली. "बसवतो," एवढंच तो म्हणाला.

पुंजाजींनी हंडी सुनेपुढं सरकवली. ती मागं सरली, तसे ते म्हणाले, "बस. चोरून बसत होती तवा भेव नाई वाटलं?" रुख्मिणी हंडीपुढं बसली. तिनं जुन्या झुलीचा तुकडा पाण्यात बुडवून पिळला. ओल्या रंगाशी ओलंच कापड ताडून पाहायचं असतं. नीळ कालवली, एक ठिपका पोपटी चिंधीवर दिला, उन्हात नेला, परत आणला, आणखी डिंकाचं पाणी घातलं. पुंजाजी दोन बोटांमध्ये थेंब चोळून म्हणायचे, "पसरीन हे. घट्ट कर." ती घट्ट करायची. नजर तिची, बोटं त्यांची. मग गुलाबरावानं श्वास रोखून पहिला ठसा टेकवला. उचलला. फूल एकच होतं.

अर्धं काम झालं होतं तोच जानराव पाटलांची दमणी दाराशी थांबली. पाटील आत आले आणि हंडीपुढं बसलेली सून बघून उंबऱ्यातच थबकले.

"वा रे पुंजाजी! गादी बायकायले देल्ली काय? माह्या बैलाच्या झुली का लुगडे करून राह्यले?"

गुलाबरावाचा हात थांबला. रुख्मिणी उठू लागली. हेच टाळण्यासाठी तिनं इतके दिवस राख घासली होती. पुंजाजींनी काठीनं तिची वाट अडवली आणि आवाज चढवून, बाहेर प्रयागबाईलाही ऐकू जाईल असे म्हणाले,

"पाटील, माहे डोये गेले. निया रंग मले दिसत नाई. सकायी तुमचा रंग बिघडला होता, तो हे सुधरवून राह्यली. कारंज्यात हिच्यावानी नजर कोनाची नाई, हे म्या सांगून राह्यलो, पुंजाजी रंगारी. आता तिचा रंग नेता, का दुसऱ्याच्या दारी जाता?"

पाटील ओसरीच्या कडेला बसले आणि त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "काम होऊ द्या," ते म्हणाले. "बाई, घाई नको करू. बैल काई आज सजत नाई."

शेगडीच्या उबेनं झुली वाळल्या. पाटलांनी एक झूल दारात नेली, जुना तुकडा तिच्यावर ठेवला. तुकडा विरलेला म्हणून थोडा फिका, पण रंग तोच. पाटलांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला. मग झूल पुंजाजींच्या हातात देण्याऐवजी रुख्मिणीपुढं धरली. "घडी तूच घाल बाई. आमच्या हातानं चुरगाळीन."

दमणी गेली. पुंजाजींनी भिंतीकडे हात करून सुनेला म्हटलं, "उद्या आंघोळ करून ये. पयला ठिपका तूच दे. देवीचं नाव घेजो, माहं नाई."

दुसऱ्या दिवशी पोळ्याची पुरणपोळी चुलीवर असतानाच रुख्मिणीनं ठिपका दिला. पुंजाजी बाजूला पाटावर बसले होते. तिनं विचारलं, "मामाजी, डिंक पाह्यता का?" त्यांनी बोट पुढं केलं.