हात दाखवा की

भालकीच्या आमच्या पाव्हण्यांत अजून बोललं जातं, की लेकीनं आईला मशीनच्या हवाली केलं आणि मशीननं तिला मारलं. हे खोटं आहे. मशीन माझ्या बायकोला शिवलंसुद्धा नव्हतं.

तिच्या किडनीवर गाठ निघाली तेव्हा लेक आम्हाला कलबुर्गीला घेऊन गेली. तिथल्या दवाखान्यात रोबोट होता. मोठा डॉक्टर हैदराबादेत बसून तो चालवणार, इथले डॉक्टर शेजारी उभे राहणार. आधी पडद्यावर त्याची भेट घालून दिली.

आमच्याकडं औषधापेक्षा हातगुण मोठा. बायको म्हणाली, "डॉक्टरअण्णा, तुमचे हात दाखवा की." लेकीनं ते हिंदीत सांगितलं. तो हसला, दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरून उलटेपालटे केले.

"चांगले हायेत," ती म्हणाली.

"भाकरी थापून घ्यायच्यात का त्याच्याकडून?" मी म्हणालो.

"तुमच्यापेक्षा बऱ्या थापील."

ती तयार होती. मी नव्हतो. ज्याचा हात हैदराबादेत, त्याचा गुण कलबुर्गीत कसा उतरणार? लेक भांडली, रडली. "अप्पा, कामून अडवायलाव?" मी ऐकलं नाही. हुमनाबादजवळ एकजण झाडपाला द्यायचा, त्याच्या हाताला गुण आहे म्हणत. त्याच्याकडं नेलं. तो मनगट धरायचा आणि मला धीर यायचा. तिला काय वाटायचं, मी विचारलं नाही. उन्हाळा तसाच गेला. परत कलबुर्गीला गेलो तोवर गाठ पसरली होती. पडद्यावर तोच डॉक्टर. आता ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाला. या वेळी त्याचे हात मेजावरून हलले नाहीत.

पाव्हण्यांना कलबुर्गीचा रोबोट तेवढा माहीत होता. बायकोच्या दहाव्याला एकीनं लेकीला तोंडावर टोमणा मारला. लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तेव्हापासून ती भालकीला आलेली नाही.

फोन मात्र करते. परवा व्हिडिओ लावला तेव्हा ती भाकरी थापत होती. फोन डब्याला टेकवलेला, त्यामुळं चेहरा दिसेना, नुसते हात. तिच्या आईचेच. पीठ चोपडून तळवा वळवायची तीच लकब.

म्हणालो, "वर्षश्राद्धाला ये. पंगत बसायच्या आधी मी सगळ्यांना खरं सांगणार हाय."

हात थांबले. मग पुन्हा थापू लागले.

"बघते, अप्पा. ठेवू का?"

"न्हाई," मी म्हणालो. "थोडा वेळ फोन तसाच राहू दे."