वहिनीने मशीन बोलतं केलं

नणंदेने वहिनीचं कौतुक करायचं नसतं. पंधरा वर्षं हा नियम मी इमानेइतबारे पाळला. आज मोडते.

वहिनीला जन्मापासून दिसत नाही. आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलात आहोत. मी रेकॉर्ड रूममध्ये फायली लावते, आणि ती त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टरांचं डिक्टेशन टाइप करते. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प होतात. "नवऱ्यालाही असं पेडल हवं होतं," असं ती चारचौघांत म्हणते. दादा हसतो. दुसरं करणार काय? तिने टाइप केलेलं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा, आणि अकरा वर्षांत तिचा एकही रिपोर्ट चुकीसाठी परत आलेला मी पाहिला नाही.

मग ऑफिसने सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी यंत्रणा बसवली आणि तिच्यावर वहिनीचा वाचून दाखवणारा प्रोग्राम चालेना. मशीन मुकं झालं. कॉम्प्युटरवाल्याने दोन दिवस खटपट करून हात वर केले. आमचे साहेब मोठ्या मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही सोमवारपासून चौकशीच्या खिडकीत बसा. काही करायचं नाही. पगार चालूच राहील."

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनी जेवली नाही. "काही करायचं नाही म्हणे," एवढंच तीनदा म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर तिला कमी लागलं असतं.

पण रडत बसणं तिच्या रक्तातच नाही. फोनवर शोधून शोधून तिने दुसरी एक यंत्रणा हुडकून काढली. फुकट, कोणीही उतरवून घ्यावी अशी, आणि बसवताना पहिल्या पायरीपासून बोलणारी. साहेबांकडे जाऊन तिने शनिवारी चार वाजेपर्यंतची मुदत मागितली. मशीन बोललं तर टेबल तिचं. नाही बोललं, तर खिडकी.

घरात दादाचा जुना कॉम्प्युटर पडून होता. त्याच्यावर सराव करायचं ठरलं. जेवणाचं टेबल तिने ताब्यात घेतलं आणि दादा ताट मांडीवर घेऊन बसू लागला. पहिल्या दिवशी दोन तास झाले तरी मशीनमधून आवाज म्हणून नाही. वहिनीचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी बातम्या तरी ऐकू म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला, तर टीव्हीच सपाट आवाजात विचारू लागला, कोणती भाषा हवी!

झालं होतं असं, की मदत करायची म्हणून दादाने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता आणि कटकट नको म्हणून आवाज बंद ठेवला होता. यंत्र बिचारं दोन तास टीव्हीतच बोलत होतं.

"अगं, मला नीट दिसावं म्हणून जोडला," दादा म्हणाला.

"तुम्हाला दिसून काय उपयोग? बसवतेय मी!"

शनिवारी सकाळी ऑफिसात तिने पहिलं काम काय केलं असेल, तर आवाज पुन्हा भलतीकडे जायला नको म्हणून पडद्याची वायर काढून टेबलामागे टाकली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कॉम्प्युटरवाला दारातूनच म्हणाला, "फुकट ते पौष्टिक, ताई! अडलं तर हाक मारा." आणि निघून गेला.

तिने पेन ड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं आणि हेडफोन घालून कान देऊन बसली. बीप वाजला. तिने एक अक्षर दाबलं, एंटर मारला. जरा वेळाने तिचे खांदे सैल पडले, तेव्हा मला कळलं, बोललं.

मग ती एकेक प्रश्न ऐकत, एकेक उत्तर देत पुढे सरकली. कोणत्या डिस्कवर बसवू, या प्रश्नापाशी मात्र थबकली. चुकून पेन ड्राइव्हच निवडला असता तर सगळंच मुसळ केरात. दोन्हींची मापं तिने तीनदा ऐकली, बोटांवर मोजली आणि एंटर दाबला. माझ्या हातातली फाइल उलटी होती हे मला नंतर कळलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले, मागून कॉम्प्युटरवाला. सर्जन मॅडमही आल्या, कारण गुरुवारच्या ऑपरेशनचा त्यांचा रिपोर्ट अडकला होता आणि पेशंटला दुसरीकडे हलवायचं होतं. पडदा काळाकुट्ट.

"गेलं, साहेब," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "मशीन सुरूच होत नाहीये."

वायर कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण कधी गप्प बसायचं, हे नणंदेइतकं कोणाला कळतं?

साहेबांनी खिशातून बदलीचं पत्र काढलं. "बाई, थांबा आता. उगाच त्रास करून घेऊ नका."

वहिनीचा पाय पेडलवर होता, बोटं धावत होती. तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "शेवटची ओळ आहे, साहेब."

आणि प्रिंटर घरघरला. दोन पानं बाहेर आली. सर्जन मॅडमनी ती उचलली, उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "पेन द्या कोणीतरी." सही केली, पानं घेतली, पण गेल्या नाहीत. त्यांनाही पुढचं पाहायचं होतं.

कॉम्प्युटरवाला टेबलाखाली वाकला आणि वायर हातात घेऊन लालबुंद होऊन वर आला. "पडद्याशिवाय केलंत सगळं?"

"मला काय करायचाय तो?"

साहेब पत्राची घडी घालू लागले.

"साहेब, ते रद्द केल्याचं पत्र लागेल ना?" वहिनी गोड आवाजात म्हणाली. "सांगा. टाइप करते."

मॅडम खो खो हसल्या. साहेबांनी घसा खाकरला आणि सांगितलं, सांगावंच लागलं. टाइप झाल्यावर वहिनीने हेडफोनची वायर उपटली. त्या सपाट, मख्ख आवाजात मशीन भर खोलीत म्हणालं, "बदलीचा आदेश रद्द करण्यात येत आहे."

मी सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

"सगळ्यांना नीट ऐकू आलं ना?" वहिनीने विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत पुन्हा एकदा लावलं.