तीन मजले आणि निळ्या टोपणाची नळी

रक्त तपासायच्या लॅबमध्ये तिला सगळे खिखीताई म्हणत. हसू तिला कधी आवरलंच नाही. बँकेच्या रांगेत, शेजाऱ्यांच्या भांडणात, एकदा तर नोकरीच्या मुलाखतीतच ती फिस्सकन हसली होती, कारण समोरच्या साहेबांच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती. तरी नोकरी मिळाली. साहेबांनी बाही वर करून हात पुढे केला आणि सुई कधी गेली, कधी निघाली, हे त्यांना कळलंसुद्धा नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सुई हातात असली की ही बाई दगडासारखी स्थिर; सुई ठेवली की पुन्हा खिखी.

त्या आठवड्यात मात्र तिचं हसू पळालं होतं, आणि त्याला कारण झाली एक गाडी शिकवणारी बाई.

शिकाऊ माणसाने गाडी थेट हातगाडीवर नेली तरी या बाईच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे; पण सुई पाहिली की ती पार घाबरून जाई. तिला अक्कलदाढ काढायची होती. मागे एक दात काढला तेव्हा तीन दिवस रक्त थांबलं नव्हतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी हात वर केले: आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. त्या डॉक्टरीणबाईंनी रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी सांगितली. ती दोनदा झाली आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, सगळं ठीक.

"ठीक असतं तर तीन दिवस रक्त वाहिलं असतं का?" डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "नमुना नीट घेतला होता ना?"

हे खिखीताईला लागलं. नमुना तिनेच घेतला होता. फिकट निळ्या टोपणाची नळी, रेघेपर्यंत भरलेली, थेंबभरही कमी नाही! तिने ते दोन्ही दिवस डोळ्यांसमोर आणले. लॅब तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट महिनाभर बंद. दोन्ही वेळा बाई धापा टाकत, घामाघूम होऊन वर आली होती. मागे तिची नणंद, तोंडाचा पट्टा चालू: "वहिनी, केवढी गं ती सुई! बघू नकोस हां! बघितलीस?"

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "माणूस घाबरलं, धावलं, तर हे प्रथिन वाढतं ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढतं. चांगलंच वाढतं."

"मग दोन्ही वेळा आपण घाबरलेल्या बाईचं रक्त तपासलं. शांत बाईचं अजून बघितलंच नाही!" आणि एवढं बोलताच तिचं हसू परत आलं.

तिसऱ्या खेपेला सामान घेऊन ती स्वतःच खाली उतरली. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं आणि तिथे डोळे तपासायची, मागे रेलणारी झकास खुर्ची. चष्मेवाले काका म्हणाले, "बसवा की! सकाळी तसंही कुणी फिरकत नाही." बाईला खुर्चीत रेलवलं. अर्धा तास नुसतं बसायचं.

"आणि मी काय करू?" नणंदेने विचारलं.

"तुम्ही फ्रेमा बघा ना," खिखीताई म्हणाली.

झालं! नणंद आरशापुढे गेली ती तिकडचीच झाली. इकडे बाई समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत वाचत जांभया देऊ लागली. खिखीताईने दंडाला पट्टा सैलसर बांधला, चटकन सोडला, सुरुवातीच्या रक्ताची पहिली नळी नेहमीप्रमाणे बाजूला टाकली आणि दुसरी, निळ्या टोपणाची, रेघेपर्यंत भरली. मग ती नळी तीन-चारदा अलगद उलटसुलट केली, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशी. जोरात हलवलं की नमुना वाया.

"झालं?" बाई म्हणाली. "मी तर शेवटच्या ओळीपर्यंतही पोचले नव्हते!"

दहा मिनिटं कापूस दाबून धरला. रक्त थांबलं तेवढ्यात नणंद वळली. डोळ्यांवर बशीएवढा गोल चष्मा. "काका, खरं सांगा, मी कशी दिसते?"

काका प्रामाणिक माणूस. त्यांच्या तोंडून गेलं, "घुबडासारखी."

आणि खिखीताई सुटली. खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. फक्त नळीचा हात हवेत तसाच, भिंतीत ठोकल्यासारखा. ही आता तीन मजले चढणार कशी?

तेव्हा बाईच्या अंगातली मास्तरीण जागी झाली.

"ताई, माझ्याकडे बघा. श्वास घ्या. समोर नजर. पहिला गिअर, हळू सोडा... चला!" बाई पुढे, खिखीताई मागे, तिच्यामागे नणंद चष्म्यासकट, आणि चष्म्यामागे काका. "डावीकडे वळण. वेग कमी. हॉर्न द्या!" नणंदेने खरंच "पॉंऽप" केलं. दुसऱ्या मजल्यावरचे वकील दार उघडून बघत राहिले. खिखीताई ओठ चावत, कण्हत, हसत वर चढली. नळीतलं रक्त हिंदकळलंसुद्धा नाही.

मग यंत्रात नळी फिरली, वरचा पिवळा पाणीदार भाग तिने तळाला धक्का न लावता उचलला, तो पुन्हा फिरवला आणि गोठवून मोठ्या लॅबकडे पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. प्रथिन हवं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच होतं. खिखीताईने फोन केला तेव्हा बाई म्हणाली, "म्हणजे मी उगाच बाऊ करत नव्हते तर!" आणि रडता रडता हसायला लागली. आता उपाय हाती होता. दाढ काढायच्या आधी औषध दिलं, दाढ निघाली आणि संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं.

पुढच्या महिन्यात बाईची आई आली, एकटीच. हा दोष घराण्यातून उतरतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हातारीलाही आयुष्यभर ऐकावं लागलं होतं, हिचं रक्तच पातळ, हिला कामं नकोत. खिखीताईने तिला चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत बसवलं आणि अर्धा तास शांत राहायला सांगितलं. पाचव्या मिनिटाला म्हातारी घोरायला लागली. इतकी शांत बाई एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती. आता तिला न दचकवता उठवायचं कसं, या विचारात खिखीताई आणि काका तोंडावर हात धरून दाराबाहेर जाऊन पोटभर हसले.