मलिद्याची वाटी

रविवारची उपासना आटोपून मी गल्लीत शिरले, तर शेजारच्या सारामावशी मलिद्याची वाटी घेऊन दारातच उभ्या. त्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. एलियाहू नबीचा नवस फेडला की गूळ-खोबऱ्याचे ते पोहे आमच्या ख्रिस्ती घरी आधी यायचे.

"घे गं. आज तुमच्या पाळकांनी काय सांगितलं?"

यहुद्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला नाही, म्हणून देवाने त्यांना सोडलं आणि आपल्याला निवडलं, असं पाळकांनी सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी जोरात 'आमेन' म्हटलं होतं.

"देवाच्या निवडीबद्दल," मी कसंबसं म्हटलं.

"त्यात काय सांगायचं? एकदा निवडलं की तो सोडतोय थोडाच!"

चौकटीवर शास्त्रवचनाची डबी ठोकलेली होती. तिला बोटं लावून, त्या बोटांचा मुका घेऊन मावशी आत गेल्या.

मी वाटी धरून तशीच उभी. तो सोडत नाही, याच भरवशावर मी जगते. पण त्याने तो शब्द आधी यांच्या पूर्वजांना दिला होता. अविश्वासापायी तो शब्द मोडत असेल, तर माझा विश्वास तरी कुठला एवढा धड? सकाळी असतो, दुपारी एखाद्या आजारपणाच्या बातमीने डळमळतो.

देवाने मावशींना परत जवळ घ्यावं, अशी प्रार्थना मी वर्षानुवर्षं करत आले. आता वाटतं, त्याने त्यांना कधी सोडलेलंच नसू दे. नाहीतर माझं काही खरं नाही.