बेटावरची हाक

दत्ता गेल्याचं मला फोनवर कळलं, याची खंत अजून जात नाही. रोह्याहून त्याची मुलगी सुषमा बोलत होती. “काका, बाबा सकाळी गेले,” एवढंच म्हणाली. मी पेणला आमच्या कारखान्यात एका गणपतीचे डोळे आखत होतो. ब्रश खाली ठेवला आणि पहिलं मनात आलं ते हे, की आज सहाला त्याची हाक आली नसणार आणि ती आली नाही हेही मला कळलं नाही... कारण माझा रेडिओ सेट तीन वर्षं जवळजवळ बंदच, फडक्याखाली होता.

दत्ता आणि मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन सरकारचा परवाना घ्यायचा, गच्चीवर तार ताणायची आणि जन्मात न पाहिलेल्या माणसाशी बोलत बसायचं, असा हा नाद. तो धाटावच्या एका कंपनीत मीटर सांभाळायचा. पहिली शिफ्ट असली तरी बस पकडण्याआधी, सकाळी सहाला तो रोह्याहून हाक द्यायचा आणि मी पेणहून ओ द्यायचो. विशेष काही बोलणं नसायचं. पाणी आलं का, काल कोण भेटलं, असलंच.

एका वर्षी गणपतीचा हंगाम आटोपल्यावर त्याने बेटाचं काढलं. खाडीच्या तोंडाबाहेर एक ओसाड खडकाळ बेट आहे. माणूस नाही, पाणी नाही, पक्ष्यांच्या विष्ठेचा उग्र वास तेवढा आहे. सेट, बॅटऱ्या, बांबू आणि पाण्याचे कॅन होडीत चढवताना नाखवा आमच्याकडे बघतच राहिला. “तथं कोन नाय रं, बोलनार कोनाशी?” त्याचं काही चुकलं नव्हतं. दत्ता बोलायला बसला आणि आठ वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत नुसती खरखर. नोंदी लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी कंटाळून वही मिटली, तसा तो भडकला.

“लिव की! मघापासून बारा हाका दिल्या मी.”

“अरे, उत्तरच नाही तर काय लिहू?”

“उत्तर नाय, तेच लिव. हाक तर मारली ना माणसानं?”

परवान्याच्या जुन्या नियमात तसं होतंही, पण त्याच्यासाठी तो नियम नव्हता, धर्म होता. मी तोंड वाकडं करून बारा ओळी लिहिल्या. दुपारी मात्र कोचीनहून एकाने ओ दिली, मग श्रीलंका, मग जपान, आणि संध्याकाळपर्यंत रांग लागली. निर्जन बेटावरून बोलणारा माणूस हॅम लोकांना क्वचित सापडतो, म्हणून सगळे तुटून पडतात. घसा बसलेला दत्ता पाण्याचा घोट घेत हसला. “घरी बसून बोललो तर कुत्रं विचारत नाय. इथं खडकावर येऊन बसलो, तर सगळी दुनिया हाय.”

ते हसणं मी तेव्हा गमतीवारी नेलं. पुढे त्याची बायको गेली, तो निवृत्त झाला, सुषमा सासरी पुण्याला. माझ्याकडे नातवंडं आली, मोबाइल आला आणि सहाच्या हाकेला मी दांड्या मारू लागलो. मग सेटवर फडकं पडलं. निडीला एका लग्नात भेटला तेव्हा माझा कान धरून म्हणाला, “सुपाएवढे कान बनवतोस रे गणपतीला, सोताला एक तरी ठेवायचास!” सगळे हसले. मीही हसलो. उद्यापासून नक्की, असं म्हणालो.

तेराव्याला सुषमाने त्याची नोंदवही माझ्या हातात दिली. “तुमचंच नाव आहे सगळीकडे,” ती म्हणाली. एसटीत बसून उघडली. ‘सहा वाजता. पेण. हाक दिली. उत्तर नाही.’ रोजची एक ओळ, पानंच्या पानं, बारीक नीटस अक्षरात. आजारपणात अक्षर हललेलं, पण ओळ चुकलेली नाही. मधेच एका दसऱ्याला मी सहज सेट लावला होता, पाच मिनिटं बोललो होतो. मला आठवतही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘मधू आला. आवाज स्वच्छ.’ खाली दोन रेघा. पुढची पानं मला वाचवेनात. नागोठणं कधी गेलं कळलं नाही.

वही आता माझ्या सेटशेजारी असते. फडकं काढलं आहे. रोज सहाला मी रोह्याला हाक देतो, थोडा वेळ खरखर ऐकतो आणि मग माझ्या स्वतःच्या वहीत एक ओळ लिहितो. दुसऱ्याच दिवशी आळस आला होता, वही मिटून चहाला उठणार होतो... तर त्याचा आवाज कानात आला. लिव की. मग बसलो आणि लिहिलं, रोहा, हाक दिली, उत्तर नाही.