खानदेशातला बर्फ

मी हवाई दलात सार्जंट होतो, इंजिन फिटर. गाव सावदा, घरची केळी. शेवटचं पोस्टिंग धुळ्याला मिळालं. दोन आसनांची छोटी विमानं, काम कॅडेट्सना उडवून आणायचं. इंजिनात बर्फ धरतो म्हटलं की लोक आजही हसतात. म्हणतात, आपल्याकडे बर्फ फक्त रसवंतीत. हसा खुशाल. दमट हवा कार्बोरेटरमधून जाताना इतकी गार पडते की बाहेर पंचवीस अंश असले तरी आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

त्यावर उपाय वैमानिकापुढची एक दांडी, कार्ब हीट. ओढली की गरम हवा आत येते. पण ती फिल्टरमधून येत नाही, आणि आमच्याकडची धूळ इंजिनाला खाऊन टाकते. म्हणून उन्हाळ्यात सीओंनी, आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, हुकूम काढला, दांडीला हात लावायचा नाही. ऑगस्ट उजाडला, धूळ बसली, हुकूम तसाच. मी दोनदा बोललो. दोन्ही वेळा मला गप्प बसवलं.

त्या दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नीलेश जळगावहून एकटा परतत होता. पोरगा साक्रीकडचा. सकाळी ९.४० ला त्याने पॉवर कमी करून उतरायला घेतलं. रेडिओवर मी होतो, शेजारी सीओ.

"आरपीएम पडतोय. कार्ब हीट ओढतोय."

"पूर्ण ओढा, सर."

"आणखी धडधडतंय."

तसंच होतं. बर्फाचं पाणी आत जातं, इंजिन थोडा वेळ खोकतं, मग सुटतं. तेवढं धरून ठेवायचं असतं. मी सांगणार तोच सीओंनी माइक घेतला.

"बंद कर. हुकूम माहीत आहे ना?"

"रॉजर."

९.४४ ला इंजिन थांबलं. खाली गावची शाळा होती; नीलेशने विमान तिच्या पुढे नेलं आणि कपाशीच्या शेतात घातलं. तो वाचला नाही. मी माइक सोडला, याचा राग मला आजही येतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली तोवर बर्फ कधीच वितळला होता. माझ्या नावाचा जबाब आधीच लिहून तयार होता, वैमानिकाची चूक. मी सही केली नाही. बढती गेली, तरी केली नाही.

निवृत्त झाल्यावर पहिला साक्रीला गेलो. नीलेशच्या वडिलांनी चहा दिला आणि विचारलं,

"खरं सांग भाऊ, मना पोऱ्या चुकना का?"

"नाही आबा. त्याने बरोबर केलं होतं. आम्ही ते थांबवलं, आणि त्याने हुकूम पाळला."

आबा आत गेले. पेटीतून नीलेशचा वर्दीतला फोटो काढून आणला. इतकी वर्षं तो भिंतीवर लागला नव्हता. खिळा मी ठोकला.