आबांचा डावा गाल आणि विलायती साबण

न्हाव्याच्या दुकानात दिवसाकाठी टोपलीभर केस निघतात. संध्याकाळी झाडून टाकले की संपलं! तिथं ऐकलेल्या-पाहिलेल्या गोष्टींचं तसं होत नाही. त्या साचत जातात आणि आपण म्हातारे झालो की घरच्यांना ऐकाव्या लागतात. माझ्या घरच्यांनी आता कानावर हात ठेवलेत, म्हणून तुम्हाला पकडलंय. बसा!

मी शहाद्याच्या कचेरीत कारकून होतो. लढाईच्या आधीची ही गोष्ट. कचेरीसमोर धुडकू नानांचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. कळसाडीची पिढीजात गिऱ्हाइकांची घरं भावांवर सोपवून नाना खुर्ची घेऊन शहाद्याला आले, तेव्हा भाऊ हसले होते. "खुर्चीवर बसाडीसन कोनी हजामत करस का?" आता दुकान बंद पडलं असतं तर त्याच भावांच्या दारात परत जायचं. आणि दुकान चालत होतं ते आम्हा कचेरीवाल्यांच्या बारा दाढ्यांवर.

*

नाना साबण स्वतः करायचे. सातपुड्यातून मोहाच्या बियांचं तेल यायचं, त्याचा साबण. वासाला रोशा गवताचं तेल, गुलाबाच्या जवळपास जाणारं. आता हे रोशाचं तेल आमच्याकडे घरोघरी कशाला वापरतात? गुडघे चोळायला! त्यामुळे अख्ख्या कचेरीच्या तोंडाला संधिवाताचा वास.

लग्नानंतर पहिल्यांदा दाढी करून घरी गेलो, तर आमची ही दारातच काळजीनं माझ्या आईबद्दल विचारते, "काय हो, आत्याबाईना गुडघा दुखी ऱ्हायना का?"

*

पण हात! नानांची बोटं गालावर फिरली की माणूस झोपायचाच.

एक फौजदार एका चोराला कोर्टात नेता नेता दाढीला बसले. म्हणाले, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागले! चोर बिचारा बाकावर बसून वाट बघतोय. शेवटी त्यानंच उठून फौजदारांचा खांदा हलवला. "साहेब, उठा ना! कोर्टनी येळ व्हयनी!"

*

मग पुण्याहून जोशी बदलून आला. सडाफटिंग. कोरलेली मिशी आणि त्या मिशीवर भारी जीव. त्यात घरचं वळण असं की, बाप हयात असेपर्यंत मिशीला वस्तरा लावायचा नाही. बाप गेला तरच मिशी उतरवायची. हे तो आम्हाला आठवड्यातून दोनदा सांगायचा, आपण विचारलं नसलं तरी.

त्याच्या ट्रंकेत विलायती साबणाचा डबा होता, लव्हेंडरचा. रोज घरीच दाढी करायचा आणि घमघमत कचेरीत यायचा. उताऱ्यासाठी हेलपाटे घालणारा एक म्हातारा दोन दिवस त्याच्या टेबलापाशी नुसता हुंगत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "रावसाहेब, रोज रोज कोनं लगीन शे?"

आम्ही पोट धरून हसलो. पण खोटं कशाला बोलू, डोळा सगळ्यांचा त्या डब्यावर! कोणी उसना साबण नेला, कोणी तसाच मागवला. बाराचे नऊ झाले, नवाचे सहा. नाना बाकावर एकटेच बसलेले दिसायचे. मला समोरून जायची लाज वाटायची हो.

*

एका रविवारी मी जोशीला दुकानात ओढून नेलं. डोळ्यांवर उपरणं बांधलं. दोन वाट्यांत दोन साबण फेसाळले आणि एकेक त्याच्या नाकाखाली धरला.

पहिला हुंगून म्हणाला, "ठीक आहे. गावठी." दुसरा हुंगला आणि मान डोलावली. "वा! अस्सल गुलाब! याला म्हणतात विलायत!"

उपरणं सोडलं. गुलाब म्हणजे नानांचा रोशा आणि गावठी म्हणजे त्याचा स्वतःचा डबा!

जोशी असा भडकला म्हणता! "वास गेला खड्ड्यात! दाढी काय वासानं होते? एकाच माणसाच्या एका गालावर माझा साबण लावा, दुसऱ्यावर नानांचा. नाना हरले तर सगळी कचेरी घरी दाढी करणार. मी हरलो तर शहाद्यात असेपर्यंत नानांकडे!"

नाना वस्तरा पट्ट्यावर घासत राहिले. पट्टा फाटतो की काय असं मला वाटलं.

*

गाल कोणाचा? कळसाडीच्या आबा पाटलांचा! अख्ख्या तालुक्यात तसली राठ दाढी नव्हती. मुका घ्यायला आबा वाकले की नात पळून आजीच्या पदराखाली जायची.

उजव्या गालाला नानांचा साबण. फेस पातळ, पण शेवटपर्यंत ओला. नानांनी पाच-सहा हातांत गाल लोण्यासारखा केला. मग डाव्या गालावर जोशीनं स्वतः फेस चढवला, पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा. नानांनी वस्तरा उचलला.

तेवढ्यात कळसाडीचा माणूस धापा टाकत आला. "आबा, चला! मोठा काका गयात!"

झालं! भाऊकीतलं सुतक. आता दहा दिवस वस्तरा लावायचा नाही. आबांनी धोतराच्या सोग्यानं डाव्या गालावरचा फेस पुसला. काकांवर माया होती त्यांची, डोळे भरून आले. पण बाहेर पडता पडता म्हणालेच, "धुडकू, काकाले आखो अर्धा घंटा दम नही निंघना!"

*

दहा दिवस आबा अर्ध्या दाढीनं बसले. भेटायला येणारा रडत आत यायचा, आबांकडे बघायचा आणि उपरण्यात तोंड खुपसायचा. खांदे हलताना दिसायचे, पण रडतोय की हसतोय काय कळणार?

शेवटी आबांच्या कारभारणीनं त्यांना उजवा गाल भिंतीकडे करून बसवलं आणि दम भरला, "आते आशेच बठा. हालू नका!"

*

कचेरीच्या बाराच्या बारा दाढ्या नानांकडे परत आल्या, आणि त्यांच्याही आधी तेरावी, जोशीची. कशी, ते ऐका.

दहाव्याला प्रकाशा गावी तापीच्या घाटावर आबांची भाऊकी ओळीनं बसली. अशा कामाला पाटलांना नानाच लागत. मी गेलो होतो, आणि जोशीही आला. त्याला डाव्या गालाचा निकाल हवा होता ना! त्याच दिवशी संध्याकाळी त्याचे वडील पुण्याहून यायचे होते, त्याला शिरपूरची एक मुलगी दाखवायला. खोली आवरण्यात बिचाऱ्याची झोप झाली नव्हती.

पण घाटावर साबण कुठला? नुसतं पाणी! नानांनी तापीचं पाणी आबांच्या गालाला चोळलं आणि त्या खुंटांवरून वस्तरा असा गेला की, खरखर म्हणून आली नाही. दाढी झाली, मग मिशी, मग डोकं. आबांनी दोन्ही गाल चाचपले.

जोशीला तिथंही राहवेना. हळूच विचारलं, "आबा, कोणता साबण चांगला?"

"कोनता साबन, भो? पानी व्हतं!"

"शक्यच नाही," जोशी म्हणाला. "नुसत्या पाण्यानं माझी दाढी करून दाखवा, तर मानीन." आणि बसला की ओळीच्या टोकाला! नानांनी पाणी लावलं, बोटं फिरवली. दोन मिनिटांत जोशी घोरायला लागला.

मी पाय धुवायला नदीत उतरलो. परत येऊन बघतो तर जोशीची दाढी साफ, मिशी साफ आणि डोक्यावर नुसती शेंडी!

"नाना! अहो, हे काय केलंत?"

नाना शांतपणे वस्तरा पुसत होते. "भाऊ, घाटवर मी अर्धं काम नही करस."

संध्याकाळी शहाद्यात दोंडाईच्याची सर्व्हिस मोटार थांबली. जोशीचे वडील उतरले. हा टोपी काढून पायाशी वाकला. म्हाताऱ्यानं आशीर्वादाला हात ठेवला, तो गुळगुळीत डोक्यावरून घसरला. मग त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि मिशीच्या जागेवरून अंगठा फिरवून बघितला.

"बाळ," म्हणाले, "मी कधी गेलो रे?"